काळ्या यादीची धमकी आल्यावर

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कामगार संघटनेचं काम करताना एक वाक्य मी सतत ऐकत आलो: "या लाइनीत तुला परत कोण काम देतंय, तेच बघतो." पूर्वी ते गेटवर ऐकू यायचं, आता हिंजवडीतल्या मीटिंग रूममध्ये येतं. ते ऐकून चांगली कामाची माणसं मुकाट्याने राजीनामे देतात, याचा मला फार त्रास होतो.

ब्रिटनमध्ये २००९ साली बांधकाम कंपन्यांसाठी ठेवलेली ३,२१३ कामगारांची गुप्त यादी उघडकीस आली आणि २०१० मध्ये अशा याद्यांवर बंदी घालणारे नियम झाले. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. पण आपण निःशस्त्रही नाही. अनुभवातून जे कळलं, ते असं.

१. धमकी त्याच दिवशी कागदावर आणा. साक्षीपुरावा राहू नये म्हणूनच ती तोंडी दिली जाते. त्याच संध्याकाळी एचआरला साधी ईमेल करा: आज अमुक वाजता, अमुक जणांसमोर, आपण मला असं म्हणालात. विशेषणं नकोत, राग नको. त्या ईमेलची प्रत स्वतःजवळ ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर धमकी आली असेल तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ फोन जपा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

२. बंद खोलीत राजीनाम्यावर सही करू नका. "स्वतःहून जा, नाहीतर रेकॉर्ड खराब करू," असं म्हणण्यामागे हिशेब असतो. कामावरून काढायचं तर मालकाला कारण, चौकशी, नोटीस, भरपाई हे सगळं सांभाळावं लागतं. राजीनामा मिळाला की यातून तो सुटतो. "विचार करून लेखी कळवतो," एवढंच म्हणा आणि उठा. सही घेतलीच असेल तर ती दबावाखाली घेतली आणि राजीनामा मागे घेत आहे, हे त्याच दिवशी लेखी कळवा. महिन्याने लिहिलंत तर समोरचा वकील पहिलं हेच विचारतो: इतके दिवस गप्प का बसलात?

३. मुदत कुणासाठी थांबत नाही. युनियनमध्ये गेलास तर काढून टाकू अशी धमकी देणं किंवा सूडबुद्धीने कामावरून काढणं, या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहेत. तक्रार ९० दिवसांत करायची असते. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. निकालाआधी अंतरिम आदेशही मागता येतो. कामावरून काढल्याचा वाद समेट अधिकाऱ्यासमोर नेण्याची वाटही आहे, पण नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत त्यासाठी दोनच वर्षं आहेत. "साहेब बोलावतील, मिटेल," या आशेवर हे दिवस निघून जाताना मी पाहिले आहेत.

४. व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा निर्णायक नसतो. मॅनेजर लिहिलं म्हणून कामगार कायदा लागू नाही, असं स्वतःच ठरवू नका. तुम्ही रोज प्रत्यक्ष काय काम करता, हे कोर्ट पाहतं. त्या कामाच्या नोंदी ठेवा.

५. बाँड वाचा आणि मग ठरवा. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, ही अट भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. पण प्रत्येक बाँड रद्दच ठरतो असंही नाही. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

६. खरा शेरा आणि बदनामी यांत फरक आहे. जुन्या मालकाने सद्भावनेने दिलेल्या माहितीला कायद्याचं संरक्षण आहे. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर ती बदनामी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. अब्रू घालवण्याची धमकी देऊन सही करायला लावणं कलम ३५१ खाली येऊ शकतं. नवी ऑफर मागे घेतली गेली तर कारण लेखी मागा. त्याशिवाय कुणी काय सांगितलं, हे सिद्ध करणं अवघड जातं.

७. हक्काचे पैसे धमकीशी बांधलेले नाहीत. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब मिळाला पाहिजे. कंपनीने पीएफवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, तर दोन महिन्यांनी सदस्य स्वतः ऑनलाइन टाकू शकतो.

८. काही धमक्यांना वेगळा कायदा आहे. लैंगिक छळाला जोडून नोकरीचं वाटोळं करण्याची धमकी आली, तर त्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली तीन महिन्यांत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे जा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर आर्थिक बहिष्कार टाकणं किंवा त्याची धमकी देणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

९. एकट्याने लढू नका. औद्योगिक कामगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. आणि तुमच्यासारखंच ज्याला धमकावलं गेलं, त्या सहकाऱ्याला शोधा. एकाची तक्रार कंपनी वैयक्तिक कुरबूर म्हणून बाजूला सारते. चौघांनी तारीखवार तीच गोष्ट लिहून दिली, की उत्तर कंपनीला द्यावं लागतं.