सहीची साक्ष

शास्त्रपाठ : १ राजे २१:१-१६, लेवीय ५:१

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट शब्बाथ शाळेत शिकवताना आपला सारा रोख अहाब व ईजबेल यांच्यावर असतो. राजा लोभी, राणी कपटी, नाबोथ बिचारा, आणि पाठ संपला. या वेळी वाचकांनी हा अध्याय पुन्हा उघडून ११ ते १४ ही वचने सावकाश वाचावीत, अशी आमची विनंती आहे. तेथे काम करताना दिसतात ते राजाराणी नव्हेत, तर नाबोथाच्याच गावचे वडील व प्रतिष्ठित लोक.

राणीने पत्रे लिहिली ती अहाबाच्या नावाने, मोहोरही त्याचीच. परंतु नाबोथाला दगडमार केल्यावर गावकऱ्यांनी निरोप कोणाकडे धाडला? अहाबाकडे नव्हे, ईजबेलीकडे. म्हणजे मोहोर कोणाची व पत्र कोणाचे, हे त्यांना पुरते ठाऊक होते! ठाऊक असूनही त्यांनी उपास जाहीर केला, सभा भरवली व दोन साक्षीदार समोर बसवले. नियमशास्त्राला दोन साक्षी हव्या होत्या, त्या मिळाल्या. कागद चोख होता.

आम्ही सुरतेत राहतो, म्हणून हे वाचताना आम्हाला २०२४ सालचा एप्रिल महिना आठवतो. लोकसभेची निवडणूक जवळ आली होती. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर त्याच मतदारसंघातील एका मतदाराची सूचक म्हणून सही पुरते. अपक्षाला दहा लागतात. काँग्रेसचे उमेदवार निलेश कुंभाणी यांच्या तीन अर्जांवर तिघा सूचकांच्या सह्या होत्या. हे तिघे त्यांचे नातलग व धंद्यातील भागीदार असल्याचे वृत्तपत्रांत छापून आले. या तिघांनी, सही आमची नव्हे, असे प्रतिज्ञापत्र दिले. २१ एप्रिलला अर्ज फेटाळले गेले; पर्यायी उमेदवाराच्या अर्जाचीही तीच गत झाली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठही उमेदवारांनी माघार घेतली व भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. पुढे काँग्रेसने कुंभाणी यांना सहा वर्षांसाठी निलंबित केले.

बिनविरोध हा शब्दच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. १९६३ साली, चीनच्या युद्धानंतर, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकहून बिनविरोधच लोकसभेत गेले होते. माघार घेण्याचा हक्कही कायद्यानेच दिलेला आहे. आमचे लक्ष अडते ते त्या सह्यांवर. सूचकाची सही अर्जावर आहे, आणि ती माझी नव्हे असे शपथेवर सांगणारा कागदही आहे. दोन्ही खरे असणे शक्य नाही. खोटे कोणते, याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. पण या दोन कागदांपैकी एक खोटा होता, आणि त्यावर सतरा लाखांहून अधिक मतदारांचा एक दिवस हरवला.

आपल्या मंडळीपुरता त्याचा परिणाम विलक्षण झाला. खानदेशातून आलेली आपली पुष्कळ कुटुंबे उधना व लिंबायत भागांत राहतात. हे भाग सुरत शहरातलेच असले तरी लोकसभेला नवसारी मतदारसंघात मोडतात. त्यामुळे ७ मे रोजी तेथे मतदान झाले. कतारगाम, वराछाकडे झाले नाही. पुढल्या रविवारी उपासनेत एकाच बाकावर शाई लागलेले बोट व कोरे बोट शेजारी शेजारी गीतपुस्तक धरून होते. उपासनेनंतर कोरी बोटेवाले काय म्हणाले? “बरे झाले, उन्हात रांगेत उभे राहणे वाचले.” आम्हीही हसलो. घरी आल्यावर लेवीय ५:१ वाचले. पाहिलेले व कळलेले असून जो सांगत नाही, त्याला तेथे दोषी धरले आहे. खोटी साक्ष देणारा वेगळा, हा नुसता गप्प बसलेला. तरी त्याचाही अन्याय त्याच्याच माथी!

हे लिहिताना आमचा हात थोडा थांबतो. काही वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती संस्थेच्या वार्षिक सभेला गणसंख्या भरली नव्हती. दुसऱ्या दिवशी हजेरीपुस्तक आमच्या घरी आले. आणणारे गृहस्थ वयाने वडील, आमच्या लग्नात साक्षीदार राहिलेले. “भाऊ, नुसती सहीच तर करायची.” चहा होईपर्यंत आम्ही सही करून मोकळे झालो होतो. त्या न झालेल्या सभेत कोणते ठराव मंजूर झाले, ते आम्ही आजवर विचारलेले नाही. इज्रेलच्या वडीलजनांवर बोट ठेवताना ते हजेरीपुस्तक डोळ्यांपुढे येते.

शिक्षकांनी वरच्या वर्गाला एक प्रश्न जरूर घालावा : ईजबेलीचे पत्र हाती आल्यावर त्या वडिलांपैकी एकाने नकार दिला असता, तर तो कोणत्या शब्दांत? मुलांना उत्तर लिहून आणायला सांगावे, व खाली ज्याची त्याने सही करावी. आम्ही आमच्या वर्गात हा प्रश्न घातला तेव्हा एका मुलीने उलट विचारले, “सर, नकार दिला असता तर त्यालाही दगड बसले असते ना?” बसले असते, असे आम्ही तिला सांगितले.