गच्चीवरील वीज

मुलांनो, पापड, कुरडया व मिरच्या वाळविण्यासाठी आपल्याकडे सूर्याच्या उन्हाचा उपयोग पिढ्यान् पिढ्या होत आला आहे. आता त्याच गच्चीवर, वाळवणाच्या शेजारी, निळसर काळ्या रंगाची सौर पॅनेल दिसू लागली आहेत.

प्रकाशापासून वीज मिळू शकते, ही गोष्ट १८३९ साली एडमंड बेकरेल या फ्रेंच तरुणाच्या ध्यानी आली. त्या वेळी तो अवघा एकोणीस वर्षांचा होता! पुढे १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौरघट तयार झाला. पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा सहा भागांचीच तो वीज करीत असे. आजची पॅनेल शेकडा वीस किंवा त्याहून अधिक भागांची करतात. महाराष्ट्रात एक किलोवॉटची पॅनेल निरभ्र दिवशी साधारणतः चार युनिट वीज देतात. तेवढीच वीज चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात निर्माण करावयाची, तर सुमारे अडीच ते तीन किलो कोळसा जाळावा लागतो. शिवाय धूर व राख मागे उरतात ती वेगळीच. खाणीतील कोळसा एकदा जळाला की संपला. ऊन मात्र कितीही वापरले तरी उणे होत नाही. म्हणूनच अशा शक्तीस अक्षय ऊर्जा म्हणतात.

सौर पॅनेलास चाक नाही, धुराडे नाही, त्यास तेलही लागत नाही. त्यामुळे ते एकदा बसविले की पुन्हा पाहावयास नको, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. पॅनेलातील घट एकापुढे एक असे जोडलेले असतात. आग विझविण्यासाठी माणसे रांगेत उभी राहून हातोहात बादल्या देतात, तसेच हे आहे. रांगेतील एकजण थबकला की सर्वांचेच काम मंदावते. एखाद्या घटावर कबुतराची विष्ठा वाळून बसली, किंवा आंब्याची फांदी वाढून तिची सावली पडली, तर त्या ओळीतील इतर घटांची वीजही अडते. इतकेच नव्हे, तर झाकलेला घट वीज करण्याऐवजी स्वतःच तापू लागतो आणि कालांतराने निकामी होतो. पंचवीस वर्षे टिकावयाची वस्तू अशा क्षुल्लक कारणाने बिघडावी, हे खेदाचे नव्हे काय?

पावसाळ्यात पाऊसच पॅनेल धुऊन काढतो. उन्हाळ्यात, विशेषतः मातीच्या रस्त्यालगतच्या घरी, पंधरा दिवसांत धुळीचा थर बसतो. तो काढण्याची वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची. दुपारी काच तापलेली असते; तिच्यावर थंड पाणी ओतल्यास ती तडकण्याची भीती असते. लांब दांडीचा मऊ कुंचा व साधे पाणी एवढे पुरे. भांडी घासण्याची तारेची घासणी तर मुळीच नको. तिने काचेवर चरे पडतात. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर ते काचेवर वाळू न देता लगेच पुसून घ्यावे, नाहीतर पांढरे डाग राहतात. वडील माणसे बरोबर असल्यावाचून मुलांनी गच्चीच्या कडेस जाऊ नये, आणि तारांस तर हात लावूच नये. ऊन आहे तोवर त्यांत वीज असते.

मीटरखाली एक वही टांगून ठेवावी. तीत रोजची युनिटे लिहावीत. आकाश स्वच्छ असूनही आकडा उतरत चालला, तर गच्चीवर काहीतरी अडले आहे, असे समजावे.

आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हांस नवल वाटेल. भर दुपारी गावची वीज गेली, तर बॅटरी नसलेल्या घरातील सौर वीजही थांबते. हा दोष नव्हे. खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या हातातील तारेत आपल्या गच्चीवरची वीज शिरू नये, म्हणून इन्व्हर्टर ती आपण होऊन बंद करतो.