ताटलीतल्या सूर्यावरून अक्षांश

सूर्याची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजणारा सेक्स्टंट हातात आला की पाय आपोआप समुद्राकडे वळतात. पण कोकणकिनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आणि हिवाळ्यातला दुपारचा सूर्य दक्षिणेला. त्याच्याखाली क्षितिज मिळतच नाही. म्हणून पहिला धडा गच्चीवर, तेलाच्या ताटलीत घ्यावा. तोही डिसेंबर-जानेवारीत. क्षितिजाऐवजी तेलातल्या प्रतिबिंबापासून मोजायचं, त्यामुळे कोन दुप्पट मोजावा लागतो आणि सेक्स्टंटची कमान १२०-१३० अंशांवर संपते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आला की मापच घेता येत नाही.

आधी उपकरणाचा दोष काढा. सेक्स्टंटची सरकती भुजा शून्यावर ठेवून दूरच्या डोंगराची कड पाहा. तुटक दिसली तर ड्रम फिरवून अखंड करा. शून्याच्या पुढे २ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आल्या, तर प्रत्येक मापातून २ वजा. प्लास्टिकचा सेक्स्टंट उन्हात तापला की दोष बदलतो, तेव्हा दर वेळी नव्याने बघा.

आता दोन्ही आरशांच्या गडद काचा लावा. तेलातला सूर्यही डोळा जाळतो. इथे हयगय नको.

मुंबईत २५ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ह १२ वाजून ३९ मिनिटांनी होते. पाव तास आधी वाऱ्याच्या आडोशाला ताटली ठेवून बसा. नजर तेलातल्या सूर्यावर ठेवा आणि भुजा हळूहळू सरकवत आकाशातला सूर्य खाली आणा. काचा वेगळ्या रंगांच्या असतील तर एक चकती तांबडी, एक हिरवी दिसते. एकावर एक बसवा. बसतात न बसतात तोच सुटतात, कारण सूर्य अजून चढतोय. पुन्हा जुळवा, आकडा लिहा. मग तीन-चार मिनिटं चकत्या हलतच नाहीत. घड्याळ न बघता कळलेली ही दुपार मला दर वेळी नवी वाटते. हाच सर्वांत मोठा आकडा आपला.

समजा ९५°२०′ आले. दोष वजा जाता ९५°१८′, निम्मे ४७°३९′. हवेत किरण वाकतात, त्याची १ कला वजा: ४७°३८′. हे ९० अंशांतून वजा केले की ४२°२२′. नॉटिकल अल्मनॅक या नाविक पंचांगातली सूर्याची त्या दिवसाची दक्षिण क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, २३°२४′ वजा करा. उरले १८°५८′, तुमचे अक्षांश. एक कला चुकली तर एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर चुकलात.

आठवडाभर उत्तर दोन-तीन मैलांत येऊ लागलं की बोटीवर जा. दर्यावर्दी अभिलाष टॉमी २०२३ मध्ये जीपीएसबंदी असलेल्या गोल्डन ग्लोब या नौकाशर्यतीत दुसरे आले, ते सेक्स्टंटच्याच भरवशावर. बोटीवर ताटली चालत नाही. सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकवा, सेक्स्टंट लंबकासारखा झुलवून सर्वांत खालचा बिंदू पकडा. निम्मं करायचं नाही. मात्र डोळा पाण्यापासून २ मीटर उंच असेल तर अडीच कला वजा आणि सूर्याच्या अर्ध्या व्यासाच्या १६ कला अधिक.