सॉफ्टवेअर काढताना नोंदींचे भान

रायपूरच्या तात्यापारा भागातील एखाद्या व्यापाऱ्याचे उदाहरण पाहण्यासारखे ठरेल. आर्थिक वर्ष संपत आले आहे, विवरणपत्रे भरायची आहेत आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती संगणकावर बसवायची आहे. मात्र जुनी आवृत्ती निघत नाही आणि ती निघाल्याशिवाय नवी बसत नाही. कंटाळून तो जुन्या सॉफ्टवेअरचा फोल्डरच पुसून टाकतो. खरी अडचण येथूनच सुरू होते.

विंडोज इन्स्टॉलर ही यंत्रणा मायक्रोसॉफ्टने १९९९ साली ऑफिस २००० बरोबर प्रचारात आणली. ‘एमएसआय’ पॅकेजमधून सॉफ्टवेअर बसविताना ती दोन गोष्टी करते. रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीत सॉफ्टवेअरचा स्वतंत्र संकेत व त्याचे भाग नोंदविले जातात आणि पॅकेजची प्रत विंडोजच्या ‘इन्स्टॉलर’ नावाच्या लपविलेल्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. सॉफ्टवेअर काढताना ही नोंद व ही प्रत, दोन्ही लागतात. पासबुक फाडून खाते बंद होत नाही, शाखेच्या खतावणीत ते चालूच राहते. फोल्डर पुसण्याचेही तसेच आहे.

अडचणीचे स्वरूप संदेशातील क्रमांकावरून कळते :

• १६१८ : दुसरे सॉफ्टवेअर बसविण्याचे वा काढण्याचे काम चालू आहे. ते संपू द्यावे. गरज पडल्यास संगणक पुन्हा सुरू करावा.
• १६१२ : मूळ पॅकेज सापडत नाही. त्याच आवृत्तीचे पॅकेज, मूळ नावानेच, सीडीवरून किंवा उत्पादकाकडून मिळवावे.
• १६०५ : नोंदवहीनुसार हे सॉफ्टवेअर बसविलेलेच नाही.
• १६०३ : काम अर्धवट थांबले आहे. कारणे अनेक असतात. फोल्डरवर पुरेसे अधिकार नसणे हे त्यांपैकी एक.

१६०३ च्या बाबतीत अंदाज बांधण्यापेक्षा कामाचा तपशील पाहावा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने ‘एमएसआयएक्झेक’ ही आज्ञा देताना लॉग फाइल लिहिण्याचा पर्याय जोडता येतो. त्या फाइलमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधावेत. कोठे बिघडले, हे सहसा त्याच्या वरच्या ओळींत आढळते. सेफ मोडमध्ये इन्स्टॉलर सेवा एरवी चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अशा नोंदी परस्पर पुसणारे एक साधन पूर्वी मायक्रोसॉफ्टच देत असे. त्यामुळे संगणकावरील इतर घटकांना धोका पोहोचू शकतो, हे लक्षात आल्यावर २०१० मध्ये ते मागे घेण्यात आले. म्हणूनच रजिस्ट्रीतील नोंदी अंदाजाने खोडू नयेत आणि जागा मोकळी करण्यासाठी ‘इन्स्टॉलर’ फोल्डर कधीही रिकामा करू नये.

कोणताही उपाय करण्यापूर्वी हिशेबाच्या माहितीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. घाईच्या वेळी मदतीच्या मिषाने दूरध्वनी करणाऱ्या अनोळखी व्यक्तीच्या हाती संगणकाचा ताबा देऊ नये. जाणकार व्यक्ती दुरून दुरुस्ती करीत असली, तरी त्या वेळी नेट बँकिंग उघडू नये व ओटीपी कोणालाही सांगू नये.

उदाहरणातील व्यापाऱ्याने जुनी सीडी जपून ठेवली असेल, तर वाट अजून मोकळी आहे. त्या पॅकेजमधून जुनी आवृत्ती आधी दुरुस्त करून घ्यावी, मग रीतसर काढावी आणि त्यानंतरच नवी बसवावी.