विहिरीची जागा आणि खडकातील डाइक

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या जिरायत पट्ट्यात विहीर खोदणे म्हणजे शेतकऱ्याच्या कित्येक वर्षांच्या कमाईचा प्रश्न होय. म्हणून खोदाईपूर्वी जमिनीखालील खडकाची ठेवण समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्हाच्या थरांपासून झाला. परंतु सर्वच शिलारस वर आला नाही. जो वाटेतच भेगांत शिरून थिजला, त्यापासून झालेल्या खडकास अंतर्वेशी अग्निज खडक म्हणतात. थरांना छेदून भिंतीसारखा उभा राहिला तो डाइक, थरांच्या मधून आडवा पसरला तो सिल, आणि अतिखोल जागी अवाढव्य राशीच्या रूपाने गोठला तो बॅथोलिथ. खोलवर शिलारस सावकाश निवतो, त्यामुळे स्फटिक मोठे होतात. नांदेड जिल्ह्यात देगलूरकडील ग्रॅनाइटचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात ते यामुळेच. डाइकमधील डोलेराइटचे घटक बेसाल्टचेच असतात. कण मात्र बहुधा त्याहून भरड.

विहिरीच्या कामात गाठ पडते ती डाइकशी. नाशिक ते पुणे या टापूत डाइक पुष्कळ आहेत. ओढ्याच्या पात्रात किंवा माळावर खडकाची सरळ पट्टी दूरवर गेलेली दिसली की थांबून पाहावे. तीत खांबासारखे तुकडे रचलेल्या सरपणाप्रमाणे आडवे असतील, तर तो डाइक समजण्यास हरकत नाही. लाव्हाच्या थरात असे खांब उभे असतात.

भेगा नसलेला डाइक हा भूगर्भातील बांधच होय. पाणी उताराच्या वरच्या अंगास अडते व खालच्या अंगाची विहीर कोरडी पडण्याचा संभव असतो. मात्र डाइक भेगाळ असल्यास तोच पाटासारखे पाणी वाहून नेतो. सबब केवळ पट्टी पाहून जागा ठरवू नये. पट्टीच्या दोन्ही अंगांच्या विहिरींची पाणीपातळी उन्हाळ्यात दोरीने मोजावी. पाणाड्याच्या नारळापेक्षा ही दोरी अधिक भरवशाची आहे. नीरा डाव्या कालव्याकाठी मात्र आवर्तन बंद होऊन काही दिवस लोटल्यावरच मोजणी करावी. एरवी पाझराचे पाणी फसवते.

दोन्ही अंगांत स्पष्ट फरक आढळल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जागेची तपासणी करवून घेण्यास सांगावे. सुरुंगाचे काम त्यानंतर.