घटमालेचा हिशेबनीस

हायब्रिड मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर ही दोन्ही जोडीने काम करतात. विजेच्या मोटरला वीज पुरवते ती घटमाला. टोयोटाच्या प्रियस मोटारीची दुसरी पिढी २००३ साली आली. तिच्या घटमालेत निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ घट एकसरीत जोडलेले होते. प्रत्येक घटाचे विभवांतर १.२ व्होल्ट. करा गुणाकार : २०१.६ व्होल्ट! घटमालेची धारकता ६.५ अँपिअर-तास होती.

घटमालेत वीज किती उरली, हे नुसते विभवांतर मोजून नीट कळत नाही. कारण घट बराच रिकामा होईपर्यंत ते फारसे बदलत नाही. म्हणून मोटारीतला संगणक किती वीज आत आली व किती बाहेर गेली, याचा जमाखर्च मांडतो. त्याला आकडे पुरवतो प्रवाह-संवेदक.

त्यामागचे तत्त्व तुम्हीही पडताळून पाहा. होकायंत्राच्या सुईवर, तिला समांतर, एक तार धरा. टॉर्चच्या घटाला तारेची टोके क्षणभरच जोडा. सुई वळेल. घटाची टोके उलटी करा. सुई विरुद्ध बाजूस वळेल. ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये हाच परिणाम जगापुढे मांडला. प्रवाहाभोवतीचे हे चुंबकीय क्षेत्र संवेदक मोजतो. त्यासाठी एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामाचा उपयोग होतो.

आता समजा, तराजूत पासंग असावा तसा संवेदक १ अँपिअरने चुकतो आहे. तासाभरात हिशेब १ अँपिअर-तासाने, म्हणजे धारकतेच्या सुमारे १५ टक्क्यांनी चुकेल! चांगली घटमालाही मग बिघडलेली वाटू शकते. म्हणून महागडी घटमाला बदलण्यापूर्वी संवेदक तपासणे शहाणपणाचे.

मात्र संवेदक बदलणे हे तज्ज्ञाचेच काम. तो मोटार बंद करतो, विद्युतरोधक हातमोजे घालतो, घटमालेचे मंडल तोडणारा प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवतो आणि सुमारे दहा मिनिटे थांबतो. का बरे? कारण धारित्रांत साठलेली वीज ओसरायला वेळ लागतो. एवढे करूनही घटांतली वीज जात नाही. मालेचे फक्त तुकडे होतात. म्हणून हातमोजे शेवटपर्यंत हातात हवेतच. नवा संवेदक बसवल्यावर, प्रवाह नसताना तो शून्य दाखवतो ना, हे पाहायचे.

जाता जाता एक प्रश्न : संवेदकातून तार उलट दिशेने ओवली, तर जमाखर्चाचे काय होईल? होकायंत्राच्या सुईला विचारा!