सामाईक महासंगणक

एकट्याला न पेलणारे काम अनेकांनी मिळून करावे, ही रीत हरमलच्या किनाऱ्यास नवी नाही. रापण ओढावयास अनेक हात लागतात; मग मासळीचे वाटे पडतात. आजच्या विज्ञानसंशोधनातही हीच रीत रूढ होत आहे.

मोसमी पावसाचे गणित मांडणे किंवा औषधी रेणूंची रचना तपासणे यासाठी अब्जावधी आकडेमोडी कराव्या लागतात. त्या वेगाने करणाऱ्या यंत्रास महासंगणक म्हणतात. त्याची किंमत, त्यास लागणारी वीज व ते थंड राखण्याची व्यवस्था यांचा भार लहान महाविद्यालयास कसा झेपावा?

१९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा स्वदेशी महासंगणक सिद्ध झाला. पुढे २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले. त्यातून वाराणसीत ‘परम शिवाय’, पुण्यात ‘परम ब्रह्म’ आणि बंगळूरला ‘परम प्रवेग’ उभे राहिले.

या यंत्रापाशी प्रत्यक्ष जाण्याची गरज नसते. परवानगी मिळालेला संशोधक आपल्या खोलीतूनच काम पाठवितो. ते रांगेत लागते. पाळी आली की हजारो गणकांत वाटले जाते आणि उत्तर त्याच्याकडे परत येते. केवळ यंत्रच नव्हे, तर त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्याही सामाईक असतात. जनुकांचा अभ्यास, औषधांचा शोध, नद्यांच्या पुराची पूर्वसूचना यांसाठी या अभियानात अशा आज्ञावल्या तयार झाल्या आहेत. एकाने रचलेली आज्ञावली दहा जण वापरतात; तीच मेहनत प्रत्येकास नव्याने करावी लागत नाही.

परंतु यंत्र सामाईक झाले म्हणून ज्ञान आपोआप वाटले जात नाही. महासंगणकास प्रश्न सुचत नाहीत. ते माणसानेच विचारावयाचे असतात. हे ओळखूनच अभियानाने प्रशिक्षणाची केंद्रे काढली असून, त्यांपैकी एक आपल्या गोव्याच्या आय.आय.टी.मध्ये आहे.

विद्यार्थिमित्रहो, पेडण्यासारख्या टोकाच्या तालुक्यात राहतो म्हणून मोठे संशोधन आपल्यासाठी नाही, असे मानण्याचे दिवस सरत आहेत. दार उघडे होत आहे. मात्र आत जाण्यास गणिताची पक्की बैठक, चिकाटी आणि अचूक प्रश्न विचारण्याची सवय हवी. तिचा आरंभ याच वर्गात व्हावा, अशी आमची इच्छा आहे.